आधी कानटोपी, मग स्वेटर

(दृश्य : ओसरीवरचं ऊन, लोकरीचे गुंडे, सुया जवळून)

निफाडचा पारा एक आकडी झाला, की तिकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि इकडे नाशिकच्या या ओसरीवर लोकर बाहेर निघते. शिकायला आलेल्यांत कॉलेजच्या मुली आहेत, एसटीतून निवृत्त झालेले एक काका आहेत. सुई याआधी कुणीच धरलेली नाही. शिकवणाऱ्या काकू सोडून, अर्थात.

काकूंचा पहिला नियम : स्वेटरचं नाव काढायचं नाही.

आपल्याकडे विणकाम शिकायचं म्हणजे थेट स्वेटरच घ्यायचा, ही जुनी खोड. पाठ होते, पुढचा भाग अर्धा होतो, गळ्याशी घोडं अडतं आणि सगळं सुयांसकट ट्रंकेत जातं. अशा एकट्या पाठी किती घरांत पडून असतील! मफलरला गळा नाही, बाह्या नाहीत. सरळ पट्टी आहे, विणत जायचं.

(दृश्य : काकांचे हात)

सुया आठ नंबरच्या, म्हणजे 4 मिलिमीटर जाड. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते. दुकानात पहिली फसगत इथेच होते. मध्यम जाडीची लोकर घेऊन 40 टाके घातले, की वीतभर रुंदीची पट्टी मिळते. पाच फुटी मफलरला दीडशे ते दोनशे ग्रॅम लोकर पुरते.

आता नीट बघा. उजवी सुई डावीवरच्या टाक्यात पुढून मागे शिरते, लोकरीचा वेढा घेते, तो वेढा ओढून पुढे आणते आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून देते. हा सुलट टाका. मफलरच्या सगळ्या ओळी सुलटच विणायच्या. एक ओळ सुलट, एक उलट (उलट टाका म्हणजे लोकर पुढे ठेवून, सुई मागून पुढे घालून विणलेला) असं केलं तर कापड गुळगुळीत दिसतं खरं, पण कडा आत वळतात आणि मफलरची सुरळी होते.

काकांचे टाके इतके घट्ट, की सुई पुढे सरकेना. काकू म्हणतात, "काका, तिकिटाचं पंचिंग नाही हे. हात सैल सोडा."

(इथे निवेदन नाही. सुयांचा आवाज राहू द्या.)

(दृश्य : पत्र्याचा डबा, जुन्या सुया)

या सुया काकूंच्या आईच्या. 1962 साली चीनशी युद्ध पेटलं, तेव्हा देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे, मफलर विणले. त्या हिवाळ्यात या सुयांनाही उसंत नव्हती. आपल्याकडे लोकर त्याच्या कितीतरी आधीपासून होती. पण दख्खनी मेंढीची लोकर मागावर जायची, तिचं घोंगडं व्हायचं. दोन सुयांचं हे काम एकोणिसाव्या शतकात, बरंचसं मिशनऱ्यांच्या शाळांमधून रुजलं आणि मग बघता बघता आजीच्या हातचं झालं.

(दृश्य : शरणपूर रोड, तिबेटियन मार्केट)

तयार टोप्यांना तोटा नाही. इथल्या दुकानांत बराचसा माल लुधियानाचा, यंत्रावर विणलेला. स्वस्तही पडतो. हातची टोपी पैशात परवडते असा दावा ओसरीवर कुणी करत नाही, आम्हीही करणार नाही.

(दृश्य : कानटोपी, पहिल्या ओळीपासून)

मफलर हाताखालून गेला, की टोपी. हिची गंमत ताणात आहे. दोन सुलट, दोन उलट अशी वीण घातली की कापड रबरासारखं ताणलं जातं आणि डोक्यावर घट्ट बसतं. टाके 98. चारनं भागून दोन उरले पाहिजेत, म्हणजे बाहेरच्या बाजूची ओळ सुलट टाक्यांनी सुरू होऊन सुलट टाक्यांनीच संपते. शिवण घालताना दोन्ही कडांचा एकेक टाका आत जातो आणि वीण न तुटता जुळते. सुलटकडून उलटकडे जाताना लोकर सुयांच्या मधून पुढे आणायची, परत येताना तशीच मागे न्यायची. नवशिके नेमके हेच विसरतात. लोकर सुईवरून जाते, फुकटचा टाका तयार होतो आणि 98 चे 101 होतात. हे बघा, या मुलीचे झाले आहेत. उपाय एकच : त्या जागेपर्यंत उसवायचं. काकू उसवून देत नाहीत, शेजारी बसून राहतात.

दुमडीसकट 25 सेंटिमीटर उंची झाली की एक ओळ दोन-दोन टाक्यांचा एक करत जायची. 49 उरतात. पुन्हा तसंच केलं की 25. लोकर हातभर राखून कापायची, जाड सुईत ओवायची, सगळ्या टाक्यांतून फिरवून ओढायची. शेंडा आवळला जातो. उरलेल्या लोकरीनं पाठीमागची शिवण घालायची. सगळी मिळून साठ-सत्तर ग्रॅमची वस्तू, कान झाकून वर दुमडायला पट्टी उरते.

(दृश्य : पिशवीत भरलेल्या टोप्या, लहान मापाच्या)

यातल्या लहान टोप्या ऊसतोडीच्या तळावरच्या मुलांसाठी गेल्या. लोकर अ‍ॅक्रिलिकची आहे, साध्या पाण्यात धुतली तरी चालते. इस्त्री मात्र फिरवायची नाही. वीण चपटी पडते ती कायमची.