चवथीच्या आदल्या रात्री

नमस्कार श्रोतेहो. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारचा, संमोहनाचा अभ्यास करणाऱ्या आबे फारियांचा पुतळा तुम्ही पाहिला असेलच. हात पुढे केलेले आणि समोर बाई कलंडलेली. मी मनोरुग्णालयात नर्स होते म्हटलं की लोकांना वाटतं, आमचंही तसंच, हात केला की माणूस शांत! गंमत म्हणजे कांदोळीचे फारिया स्वतः उलटंच सांगायचे: हातातून काही जात नाही, घडतं ते समोरच्याच्या मनात.

एक रात्र सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून. चवथीची आदली रात्र, पावणेतीनचा सुमार. वॉर्डात मी आणि एक अटेंडंट. एक पेशंट संध्याकाळपासून येरझारा घालत होता. त्याने एकदम स्टूल उचललं. "माटोळी कोण बांदतलो?" एवढंच ओरडत होता. माटोळी म्हणजे चवथीला गणपतीच्या वर फळं बांधून टांगतात ती लाकडी चौकट.

अशा वेळी अगदी समोर उभं राहायचं नाही. जरा तिरकं, दोन हात लांब, तळवे उघडे, दाराची वाट मोकळी. बोलायचं एकानेच. हे सगळं शिकवलेलं असतं; पाय लटपटतात ते मात्र कुणी शिकवत नाही. मी विचारलं, "माटोळयेक कितें कितें हाडलां?" तो थांबला. आंबाडे, चिबूड, तोरिंगां... मोजू लागला. तेवढ्यात मागे काहीतरी खणकन पडलं, तो दचकला आणि स्टूल माझ्या मनगटावर बसलं.

डॉक्टर आले, चौघांनी धरलं, इंजेक्शन दिलं. बांधलं नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळदंड आणि एकट्याला कोंडणं बंद केलंय. बांधायचंच तर दुसरा उपाय नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, लागेल तेवढाच वेळ. मला हे मनापासून पटतं. फक्त त्यासाठी रात्री वॉर्डात माणसं लागतात.

मग रजिस्टर. पेशंटला लागलं का, औषध किती, डॉक्टर कधी आले. सुजलेल्या हाताने सगळं लिहिलं. नर्सला काय झालं, त्याला रकानाच नव्हता. पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला तेव्हा पेशंट जागा झाला, माझा हात बघून म्हणाला, "सिस्टर, कितें जालें?" दार लागलं, म्हटलं. घरीही तेच सांगितलं. चवथ होती ना.

पुढे एका सिनियर सिस्टरने नवी रीत पाडली. असं काही घडलं की हँडओव्हरनंतर दहा मिनिटं चहा घेऊन बसायचं. कोण चुकलं ते नाही, आधी काय दिसलं होतं ते बोलायचं. तिथे मी पहिल्यांदा सांगितलं, की त्या येरझारा मला दिसल्या होत्या, आणि मी ट्रॉली आवरत राहिले होते.