नगामागे दहा रुपये

(पडद्यावर पेडणे तालुक्यातील एका चिरेबंदी घराची पडवी दिसते. बाहेर पाऊस आहे.)

जून लागला की गोव्याच्या हवेतील आर्द्रता बहुतेक दिवस 80 टक्क्यांच्या वर राहते. पडवीत बांधलेल्या दोरीवरचा सुती सदरा दुसऱ्या दिवशीही हाताला गार लागतो, आणि ज्याला सकाळची बस पकडून पणजीच्या कचेरीत किंवा मोपाच्या विमानतळावर कामाला जायचे आहे, त्याला असा सदरा अंगात घालता येत नाही. कपड्यात उरलेला ओलावा काढणे, चुण्या मोडणे आणि टिकेल अशी घडी बसवणे ही तिन्ही कामे मग इस्त्रीवर येऊन पडतात. म्हणूनच दुसऱ्यांचे कपडे इस्त्रीला घेणाऱ्या घरांत पावसाळ्याचे चार महिने कपड्यांची गाठोडी एकापाठोपाठ एक येत राहतात.

हे असेच एक घर आहे. येथील गृहिणीला वाड्यावरचे सगळे वहिनी म्हणतात, आणि या निवेदनातही आपण त्यांना वहिनीच म्हणणार आहोत. घरचा स्वयंपाक, मुलांची शाळा आणि सासूबाईंचे औषधपाणी सांभाळून त्या शेजारपाजाऱ्यांचे कपडे इस्त्री करून देतात. नगामागे दहा रुपये हा त्यांचा दर आहे. या दहा रुपयांत नेमके काय काय सामावलेले असते, ते समजून घेण्यासाठी हा माहितीपट आहे.

घरगुती इस्त्रीला गिऱ्हाईक कोठून मिळते, हे गावातून एक फेरी मारली तरी ध्यानात येते. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला. तेथील कर्मचारी, किनाऱ्यावरच्या हॉटेलांत काम करणारे तरुण, कदंब महामंडळाचे चालक आणि वाहक, सुरक्षारक्षक, शाळेत जाणारी मुले या सर्वांना रोज गणवेश घालावा लागतो, आणि चुरगळलेल्या गणवेशाबद्दल बोलणी खावी लागतात. ज्या घरात नवरा-बायको दोघेही नोकरीला आहेत, त्या घरात रात्री दहा वाजता इस्त्री हातात घेण्याचे त्राण कोणातच उरलेले नसते.

पूर्वी गावोगावी हे काम मडवळ समाजाची कुटुंबे करीत असत. पितळेच्या किंवा लोखंडाच्या जड इस्त्रीत करवंटीचे कोळसे फुलवून, वाऱ्याने राख उडू नये म्हणून झाकण जपत, ती माणसे तासन्तास उभी राहत. विजेच्या इस्त्रीचे पहिले पेटंट न्यूयॉर्कच्या हेन्री सीली यांनी 1882 साली घेतले, परंतु तापमान आपोआप राखणारी इस्त्री घराघरांत पोहोचायला पुढे अनेक दशके जावी लागली. आज वहिनींच्या हातात 1000 वॉटची साधी इस्त्री आहे. कोळशाची धग आणि धूर गेला असला, तरी कापड ओळखण्याची जबाबदारी मात्र पूर्वीइतकीच हातावर राहिली आहे.

(पडद्यावर कपड्यांची वर्गवारी चालू आहे. सुती, टेरीकॉट आणि रेशमी कपड्यांचे वेगवेगळे ढीग लागतात.)

सुती धागा हवेतील पाणी सहज शोषून घेतो. प्रमाण मानलेल्या हवेत, म्हणजे 65 टक्के आर्द्रतेत, कापसाच्या धाग्यात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे 8.5 टक्के पाणी असते, तर पॉलिस्टरच्या धाग्यात ते जेमतेम 0.4 टक्के असते. कापसाच्या तंतूंमधील रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. पाणी हे बंध सैल करते, आणि मग उष्णता व दाब यांच्या साहाय्याने तंतू सपाट झाले की पाणी उडून जाऊन बंध नव्या जागी पुन्हा जुळतात. म्हणूनच सुती कपड्यावर आधी पाणी शिंपडावे लागते, आणि म्हणूनच पावसाळ्याच्या दमट हवेत सकाळची कडक इस्त्री संध्याकाळपर्यंत ढिली पडते. गिऱ्हाईक त्यासाठी इस्त्री करणाऱ्या बाईला दोष देते, पण हा दोष बहुतेक वेळा हवेचा असतो.

याच कारणाने वहिनी इस्त्री केलेला कपडा लगेच घडी घालून गाठोड्यात बांधत नाहीत. गरम कपड्यात थोडी वाफ राहिलेली असते, आणि ती घडीत कोंडली गेली तर कपड्याला कुबट वास येतो व पुढे बुरशीचे काळे ठिपके पडतात. पावसाळ्यात प्रत्येक सदरा काही मिनिटे हँगरला लावून निववावा लागतो. एवढी जागा आणि एवढा वेळ कोणत्याही दरपत्रकात लिहिलेला नसतो.

कामाचा क्रमही ठरलेला आहे. इस्त्री तापते लवकर आणि निवते सावकाश, त्यामुळे कमी उष्णता लागणारे कपडे आधी घेतले जातात आणि जाड सुती कपडे शेवटी. कपड्याच्या आतील पट्टीवर इस्त्रीचे जे चिन्ह असते, त्यातील एक ठिपका सुमारे 110 अंश सेल्सिअस, दोन ठिपके 150 आणि तीन ठिपके 200 अंशांची मर्यादा सांगतात. मात्र गाठोड्यातील अर्ध्याअधिक कपड्यांची पट्टी कापून टाकलेली असते किंवा धुऊन धुऊन कोरी झालेली असते. अशा वेळी वहिनी कापड चिमटीत धरून चुरगळतात, उजेडाकडे धरून पाहतात, आणि तरीही शंका राहिली तर शिलाईच्या आतल्या कडेवर इस्त्री टेकवून बघतात.

सदरा करताना त्या कॉलरपासून सुरुवात करतात. कॉलरचे टोक ते मध्य असा हात चालतो, कारण उलट दिशेने गेल्यास टोकाशी चुणी साठते आणि तीच नेमकी समोरच्याच्या डोळ्यांत भरते. त्यानंतर खांद्याची पट्टी, मग कफ, मग बाह्या, मग पुढचे दोन्ही भाग आणि सर्वांत शेवटी पाठ. मोठे भाग आधी केले तर लहान भाग फिरवताना ते पुन्हा चुरगळतात. बटणपट्टी उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घेऊन दाबली जाते, म्हणजे बटणे टॉवेलात रुततात आणि त्यांच्यावर उष्णतेचा थेट मारा होत नाही. गडद रंगाच्या टेरीकॉट पँटवर इस्त्री थेट फिरवली तर कापडाला चमक येते आणि ती परत जात नाही, त्यामुळे मध्ये ओलसर सुती फडके ठेवावे लागते. छापील चित्राचे टी-शर्ट उलटे करून घेतले जातात. हे सगळे वहिनींना कोणी वर्गात बसवून शिकवलेले नाही. परंतु ज्या कामात एका क्षणाच्या दुर्लक्षाने दुसऱ्याचा कपडा कायमचा वाया जातो, त्या कामाला अकुशल म्हणणे आम्हांला मान्य नाही.

लग्नसराईत साड्या येतात. तुळशीचे लग्न झाले की गोव्यात मुहूर्त सुरू होतात, आणि रेशमी साड्यांच्या निऱ्या व पदर आधीच बसवून, पिना लावून, चौकोनी घडीत बांधून देण्याची मागणी अलीकडे वाढली आहे. जरीकाम असलेला भाग उलट्या बाजूने आणि फडक्याखालून करावा लागतो. नेसणाऱ्या स्त्रीच्या उंचीचे आणि कमरेचे माप विचारून घ्यावे लागते, कारण निऱ्या एकदा चुकीच्या मापाने बसल्या तर मांडवात घाई होते. या कामाला साध्या नगाचा दर लावणे अन्यायाचे आहे, आणि वहिनीही तो लावत नाहीत. साडीचे पैसे त्या आधी ठरवून घेतात.

(पडद्यावर वहिनींची वही दिसते. तारीख, घराची खूण, नगांची संख्या आणि रक्कम अशा ओळी आहेत.)

आता पैशांचा हिशेब पाहू. समजा सरावलेल्या हाताने तासाला 12 नग होतात. दहा रुपयांप्रमाणे ते 120 रुपये झाले, आणि बहुतेकांचा हिशेब येथेच थांबतो. पण गाठोडे आले की ते गिऱ्हाइकासमोर मोजावे लागते, आधीचे डाग आणि तुटलेली बटणे दाखवून द्यावी लागतात, खिशातील पेन आणि सुटे पैसे काढून परत करावे लागतात, कपडे अदलाबदल होऊ नयेत म्हणून खूण करावी लागते, पाणी शिंपडून कपडे मुरवत ठेवावे लागतात, आणि शेवटी घडी घालून पोहोचते करावे लागतात. 12 नगांमागे या कामांना अर्धा तास धरला, तर 120 रुपये दीड तासाचे झाले, म्हणजे तासाला 80 रुपये. त्यातून वीज, स्टार्च, टेबलावर अंथरायची चादर आणि इस्त्रीची झीज वजा होते.

वीज हा यातील सर्वांत मोठा खर्च असेल असे पुष्कळांना वाटते, पण तसे नाही. 1000 वॉटची इस्त्री सलग तासभर तापत राहिली तर एक युनिट वीज लागते, आणि तापमान राखणारा थर्मोस्टॅट मधूनमधून प्रवाह तोडत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी लागते. खरा खर्च वेळेचा आहे, आणि खरी भीती नुकसानीची आहे. 800 रुपयांचा एक सदरा जळाला आणि त्याची भरपाई द्यावी लागली, तर 80 नगांची कमाई, म्हणजे वरच्या हिशेबाने दहा तासांचे काम, एका डागात जाते.

रोज 24 नग आणि महिन्याचे 25 दिवस धरले, तर खर्च वजा करण्यापूर्वी महिन्याला 6000 रुपये हातात येतात आणि त्यासाठी 75 तास द्यावे लागतात. गोवा सरकारच्या, 2012 मध्ये सुरू झालेल्या गृह आधार योजनेतून पात्र गृहिणीला दरमहा 1500 रुपये मिळतात. त्या रकमेशेजारी हे 6000 रुपये ठेवले की, मुलांच्या शिकवणीचे शुल्क आणि वाण्याची उधारी कोणाच्या कष्टांवर फिटते, ते दिसते.

हे काम रिकाम्या वेळात होते, असे सर्रास म्हटले जाते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवतात, आणि ते करणारे पुरुष 97 मिनिटे. जवळपास पाच तासांच्या या कामानंतर उरलेल्या वेळाला रिकामा म्हणणे बरोबर नाही. वहिनींचे इस्त्रीचे दोन-तीन तास दुपारच्या विश्रांतीतून आणि रात्रीच्या झोपेतून काढलेले आहेत.

(पडद्यावर इस्त्रीचे टेबल, भिंतीवरील प्लगची जागा आणि पायाखालची रबरी चटई दिसते.)

जुन्या चिरेबंदी घरांच्या भिंती पावसाळ्यात पाणी धरतात, आणि ओली भिंत, ओले पाय व विजेचे उपकरण ही तिन्ही एकत्र आली तर जिवावर बेतू शकते. इस्त्रीची वायर तीन पिनांची आणि घराची अर्थिंग तपासलेली असलीच पाहिजे. गळती होताच प्रवाह तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी मुख्य फलकावर बसवून घेणे, हा या धंद्यातील पहिला खर्च मानावा. इस्त्री विकत घेताना भारतीय मानक आयएस 366 चे आयएसआय चिन्ह पाहावे. 2000 वॉटची वाफेची इस्त्री सुमारे 9 अँपिअर प्रवाह घेते, त्यामुळे ती दिव्याच्या साध्या प्लगवर न लावता 16 अँपिअरच्या प्लगवर लावावी.

शरीराचेही तसेच आहे. जमिनीवर चादर अंथरून, वाकून इस्त्री करण्याची सवय कंबर आणि मान दोन्ही धरून ठेवते. टेबल कोपराच्या किंचित खाली येईल इतक्या उंचीचे असावे, आणि उभे राहताना एक पाय आळीपाळीने लहान पाटावर ठेवता यावा. वहिनींनी जुने जेवणाचे टेबल विटा लावून उंच करून घेतले आहे.

सरकारदरबारी या कामाची नोंद होऊ शकते, आणि ती करून घ्यावी असे आम्ही आग्रहाने सांगू. ऑगस्ट 2021 मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम संकेतस्थळावर 16 ते 59 वर्षे वयाच्या असंघटित कामगारांना, घरबसल्या काम करणाऱ्यांसह, नोंदणी करता येते. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत धोबीकामाचा समावेश आहे. त्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि पहिल्या टप्प्यात 5 टक्के व्याजाने एक लाख रुपयांपर्यंतचे कर्ज मिळू शकते. योजनेचा भर मात्र कुटुंबात परंपरेने चालत आलेल्या व्यवसायांवर आहे. दोन-चार वर्षांपूर्वी गरजेपोटी इस्त्री हातात घेतलेल्या गृहिणीचाही विचार अशा योजनांनी करावा, कारण कापड जळू न देण्याचे कौशल्य तिनेही कष्टानेच मिळवलेले असते.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीच्या आठवड्यात कामाचा ताण सर्वांत जास्त असतो. मुंबई-पुण्याहून मंडळी घरी यायची असतात, पडदे, चादरी, धोतरे, मुलांचे नवे कपडे असे सगळे एकदम येऊन पडते, आणि प्रत्येकाला ते उद्याच हवे असते. यंदा वहिनींनी पडवीत एक पाटी लावली आहे. सदरा, पँट, साडी, चादर यांचे दर त्यावर वेगवेगळे आहेत. चोवीस तासांत हवे असल्यास दीडपट पैसे पडतील, डाग आणि तुटलेली बटणे देतानाच पाहून घ्यावीत, आणि चवथीच्या दोन दिवस आधी नवे कपडे घेणे बंद होईल, असे त्यावर स्वच्छ अक्षरांत लिहिले आहे. पाटी लागल्यावर दोन घरांनी येणे बंद केले. बाकीची सगळी घरे दर वाचून, काही कुरकुर न करता, पूर्वीप्रमाणेच कपडे देत आहेत.