तोंडओळखीचा शेजार

श्रोतेहो, नमस्कार.

शहराच्या ऐन मध्यावरच्या जुन्या वस्तीत दिवस उजेडाने नाही, आवाजाने सुरू होतो. कुणाचं तरी शटर खडखडत वर जातं, कचऱ्याची गाडी मागे येता येता पींपीं करते, वरच्या मजल्यावर खुर्ची सरकते. घरं लहान, भिंतीला भिंत लागलेली, जिने अरुंद. गाड्या लावायला जागा नाही आणि तरीही गाड्या आहेतच. अशा वस्तीविषयी बोलायला बसलं की तक्रारींची यादीच वाचली जाते. यादी खोटी नाही. मला मात्र आज त्या यादीच्या बुडाशी जायचं आहे. अशा वस्तीत माणसं एकमेकांना तोंडाने ओळखतात. ती ओळख टिकते की विझते, हे पदपथ, बाक, दिवे, गाड्यांचा वेग असल्या अगदी रुक्ष, सरकारी बाबींवर ठरतं.

तोंडओळख म्हणजे मैत्री नव्हे. नाव ठाऊक नसतं, घरात जाणं-येणं तर नसतंच. रोज सकाळी ठरल्या वेळी खाली उतरणारे आजोबा दोन दिवस दिसले नाहीत, एवढं कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या ध्यानात येतं. तो समोरच्या गिऱ्हाइकाला सहज विचारतो, "तिसऱ्या मजल्यावरचे काका कुठे गावाला गेलेत का हो?" गिऱ्हाईक घरी जाताना एक मजला जास्त चढतं आणि दार वाजवून बघतं. झालं. यात समाजसेवा वगैरे काही नाही. पण एवढ्याशा गोष्टीवर कुणाचा जीव टांगलेला असू शकतो, हे शिकागो शहराने १९९५ साली पाहिलं.

त्या वर्षी जुलैमध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली. १३ जुलैला पारा ४१ अंश सेल्सिअसपर्यंत गेला. हवेत दमटपणा इतका की रात्रीही अंग निवेना. १४ ते २० जुलै या एका आठवड्यात नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त मेली. शवागारात जागा उरली नाही, म्हणून बाहेर थंड पेटीचे ट्रक आणून उभे करावे लागले. मेलेल्यांत एकटे राहणारे म्हातारे पुष्कळ होते. चोरीच्या भीतीने खिडक्या बंद, दाराला आतून कड्या, आणि कुणी चौकशीला येईल असं कुणीच नाही.

एरिक क्लायनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने पुढे या मृत्यूंचा माग काढला. त्याने शेजारशेजारचे दोन भाग समोरासमोर ठेवले, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. दोन्हीकडे गरिबी होती. एकटे राहणाऱ्या आणि गरीब म्हाताऱ्यांचं प्रमाणही साधारण सारखंच. ऊन तर एकच. पण नॉर्थ लॉनडेलमध्ये लाखामागे ४० माणसं दगावली आणि रस्त्यापलीकडच्या साउथ लॉनडेलमध्ये ४. दहापट फरक!

हा फरक कशाने पडला? नॉर्थ लॉनडेलमधले कारखाने आणि मोठे रोजगार आधीच्या दशकांत निघून गेले होते. त्यांच्या मागून दुकानं गेली, मग माणसं गेली, घरं पडली आणि मोकळ्या भूखंडांवर गवत माजलं. खाली उतरून जायचं तरी कुठे? वाटेत भेटणार कोण? म्हातारी माणसं घरातच राहिली. साउथ लॉनडेलमध्ये बाजारपेठ गजबजलेली होती, पदपथावर वर्दळ होती. घरात जीव घाबरला की माणूस खाली उतरून एखाद्या गार दुकानात शिरू शकत होता. शिकागोतल्याच ऑबर्न ग्रेशम या भागातही मृत्यूचं प्रमाण असंच कमी राहिलं. तिथली वस्ती नॉर्थ लॉनडेलसारखीच कृष्णवर्णीयांची, पण रस्ते जागते होते. म्हणजे हा जातीपातीचा, वंशाचा किंवा 'त्यांच्यात पद्धतच तशी' असला मामला नव्हता. या अभ्यासावर इतर समाजशास्त्रज्ञांनी पुढे आक्षेपही घेतले, ते घ्यायलाच हवेत. मला स्वतःला मात्र त्यातली मुख्य गोष्ट पटते. खाली उतरायला काही कारण असलं तर माणूस उतरतो, आणि उतरणारा माणूस दिसला नाही तरच तो दिसला नाही हे कुणाला तरी कळतं.

आता खाली उतरायच्या आड काय येतं ते बघू. पहिली येते ती गाडी.

१९६९च्या सुमारास डोनाल्ड ॲपलयार्ड या नगररचनाकाराने सॅन फ्रान्सिस्कोतले तीन रस्ते निवडले. घरं साधारण एकसारखी, फरक फक्त वाहनांचा. एका रस्त्यावरून दिवसाला सुमारे २,००० गाड्या जात, दुसऱ्यावरून ८,००० आणि तिसऱ्यावरून १६,०००. मग त्याने घरोघरी विचारलं, या रस्त्यावर तुमचे मित्र किती, ओळखीचे किती? कमी वाहनांच्या रस्त्यावर माणशी सरासरी तीन मित्र आणि सहाच्या वर ओळखीचे निघाले. भरधाव रस्त्यावर मित्र एकसुद्धा पुरता नाही, आणि ओळखीचे जेमतेम तीन. 'माझा रस्ता' कुठवर, हेही त्याने लोकांना नकाशावर काढायला लावलं. शांत रस्त्यावरच्यांनी अख्खा रस्ता आपला म्हणून दाखवला. वाहत्या रस्त्यावरचे आपल्या इमारतीपाशीच थांबले. हाच ॲपलयार्ड १९८२ साली अथेन्समध्ये एका भरधाव गाडीखाली सापडून गेला. नियतीला चेष्टेची हौस असते, ती ही अशी.

म्हणून वस्तीतल्या रस्त्यावर वेगाची मर्यादा मागणारे लोक निव्वळ अपघाताला भिऊन ती मागतात, असं समजू नका. अपघाताचं कारण पुरेसं आहेच. रस्ता-सुरक्षेच्या जागतिक परिषदेने काढलेल्या २०२०च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, पायी चालणारे आणि वाहनं जिथे मिसळतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा घालायला सांगितलं, ते जीव वाचवण्यासाठीच. पण त्याच मर्यादेत पलीकडच्या पदपथावरच्या माणसाला हाक मारता येते आणि ती त्याला ऐकू जाते, हेही आहे.

गाडीनंतर बाक. हसू नका, बाक ही मोठी राजकीय वस्तू आहे. एखादी सत्तरीतली बाई पिशवी घेऊन घराकडे चालली आहे, तिच्याकडे नीट बघा. ती सरळ चालत नाही, टप्प्याटप्प्याने चालते. आधी बंद दुकानाची पायरी, मग एखादा कठडा, मग कुणाच्या दुकानाबाहेरचं स्टूल. प्रत्येक ठिकाणी ती पिशवी खाली ठेवते, बोटांवर उमटलेले पिशवीच्या बंदाचे वळ दुसऱ्या हाताने चोळते आणि पुढचा टप्पा डोळ्यांनी मोजते. तिच्या जगाचा घेर त्या टप्प्यांवर ठरलेला असतो. मग एके दिवशी कुणीतरी तक्रार करतं की बाकावर रात्री माणसं झोपतात, टोळकी बसतात. बाक उखडला जातो. झोपणारे दुसरीकडे जाऊन झोपतात, टोळकं पायरीवर येऊन बसतं. बाईचा फेरा मात्र तेवढ्याने आखडतो. बाक लावायचा तर त्याला पाठ हवी, आणि उठताना रेटा द्यायला हात हवेत. बूड फार खोल गेलं तर गुडघे उठू देत नाहीत. या गोष्टी निविदेत लिहिणाऱ्याला सांगाव्या लागतात, कारण तो सहसा तिशी-चाळिशीतला असतो.

एवढं सगळं ऐकून कुणाला वाटेल, मी जुन्या वस्तीची आरती ओवाळतो आहे. तसं नाही. ओळखीला नाक असतं आणि ते नको तिथे खुपसलं जातं. कोण किती वाजता आलं, कुणाबरोबर आलं, घरी कोण पाहुणे, या चौकश्यांनी कित्येक तरुण मुलामुलींना, त्यातही मुलींना, नकोसं करून सोडलेलं असतं. शहरात माणूस येतो त्यात थोडा मोकळा श्वास घ्यायलाही येतो. न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमध्ये राहणाऱ्या जेन जेकब्स या पत्रकार बाईंनी १९६०च्या आसपास यातली मेख बरोबर पकडली होती. त्यांच्या रस्त्यावर लोक बाहेरगावी जाताना, पाहुण्यांसाठी घराची किल्ली खालच्या दुकानदाराकडे ठेवून जात. त्यालाच का? तर तो किल्ली सांभाळतो आणि घरात कोण येणार याची पंचाईत करत नाही. भरवसा भरपूर, लुडबूड शून्य. चांगल्या शेजाराचं माप काढायचं तर मी हेच काढीन.

याच बाईंनी शेजाऱ्यांना बरोबर घेऊन, रॉबर्ट मोझेस यांच्यासारख्या बलाढ्य अधिकाऱ्याने आखलेला द्रुतगती मार्ग अडवला. तो खालच्या मॅनहॅटनमधल्या वस्त्या चिरत जाणार होता. तो रस्ता कधीच झाला नाही.

रात्रीच्या आवाजाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावरून भांडणं सगळ्यात जास्त होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९ साली सांगितलं की रात्री घराबाहेरच्या आवाजाची वार्षिक सरासरी ४० डेसिबलच्या वर नसावी. भरवस्तीत हे सांगितलं तर लोक हसतील. तरी एक पाहिलंय. अनोळखी माणसाचा आवाज जास्त टोचतो, ओळखीच्या माणसाचा आवाज सांगून कमी करता येतो. आधी दार वाजवा. मग लेखी कळवा. पोलिस त्यानंतर. आपल्याकडून हा क्रम उलटा होतो आणि पुढची दहा वर्षं जिन्यात माना फिरवण्यात जातात.

आता थोडं मागे जाऊ. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात, ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास पटकी पसरली. ऑगस्टच्या अखेरीपासून काही आठवड्यांत सहाशेवर माणसं गेली. डॉक्टर जॉन स्नो यांनी सार्वजनिक पंपाच्या पाण्यावर बोट ठेवलं आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला, ही गोष्ट आपण शाळेत कुठे ना कुठे ऐकलेली असते. तिच्यातला दुसरा माणूस सहसा सांगितला जात नाही. हेन्री व्हाइटहेड हा तिथला तरुण पाद्री. स्नोंचं म्हणणं त्याला मुळीच पटलं नव्हतं, ते खोडून काढायलाच तो निघाला होता. पण त्याच्याकडे एक गोष्ट होती जी डॉक्टरांकडे नव्हती. त्या गल्लीतलं प्रत्येक घर त्याच्या ओळखीचं होतं. कोण कुठल्या मजल्यावर राहतं, घरात पाणी कोण भरतं, कोण गाव सोडून गेलं, हे तो विचारू शकत होता, आणि लोक त्याला सांगत होते. विचारता विचारता तो स्वतःच स्नोंच्या बाजूला आला. पहिला रोगी सापडला तोही त्यालाच. पंपाच्या अगदी लगतच्या ४० नंबरच्या घरातलं तान्हं बाळ. त्याचे लंगोट धुतलेलं पाणी घरापुढच्या मैल्याच्या हौदात टाकलं जात होतं आणि तो हौद पंपाच्या विहिरीत पाझरत होता.

वस्तीची ही माहिती कुठल्याच दप्तरात नसते. ती माणसांत असते, आणि माणसं हलली की जाते. म्हणून भाडं परवडेना म्हणून जुनी बिऱ्हाडं उठतात, तेव्हा फक्त एक कुटुंब जात नाही, किल्ली कुणाकडे आहे हे ठाऊक असलेलं एक डोकं जातं. घर प्रवाशांना चार-चार दिवसांसाठी देणं मालकाला फायद्याचं पडतं, त्याला दोष देऊन भागत नाही. पण जिन्यात दर आठवड्याला नवे चेहरे असले तर कोण दिसलं नाही हे कळणार कुणाला? बार्सिलोनाच्या महापौरांनी २०२४ साली जाहीर केलं की असे सुमारे १०,००० पर्यटक-परवाने नोव्हेंबर २०२८पर्यंत संपवायचे, पुन्हा द्यायचे नाहीत. एवढ्याने भाडी उतरतील का, याची मला शंका आहे. जिन्यात ओळखीचे चेहरे मात्र नक्की वाढतील.

जाता जाता कामाचं बोलू. दिवा बंद असेल तर 'आमच्या गल्लीत अंधार आहे' असं लिहू नका. खांबावर क्रमांक असतो, तो लिहा. किती दिवस बंद, शेजारचे दोन चालू आहेत का, तेही लिहा, कारण तिन्ही बंद असतील तर दोष दिव्यात नाही, वाहिनीत आहे आणि येणारा माणूसही वेगळा. नोंदीचा क्रमांक मागून घ्या. दुसऱ्या खेपेला तोच क्रमांक पुढे करा, नवी तक्रार केली की जुनी मागे पडू शकते. आणि सभा बोलवाल तेव्हा जी माणसं सभेला येऊ शकत नाहीत, जिना उतरवत नाही म्हणून किंवा रात्रपाळी असते म्हणून, त्यांच्या दारात जाऊन विचारा. बाक कुठे हवा हे त्यांनाच माहीत असतं.

उन्हाळ्याच्या तोंडी एक करा. आपल्या जिन्यात एकटं कोण राहतं, याची यादी करून दोघांकडे ठेवा, पण आधी त्यांची परवानगी घेऊन. दिवसातून एकदा दार कुणी वाजवायचं ते नावानिशी ठरवा, 'सगळे बघतील' म्हटलं की कुणीच बघत नाही. जवळच्या नातलगाचा फोन लिहून ठेवा. दुसरी किल्ली कुणाकडे द्यायची, हे मात्र त्यांचं त्यांना ठरवू द्या.

नमस्कार.