वाड्यात कोण राहत होतं?

नमस्कार मंडळी. पुण्याच्या पेठेतला कुठलाही जुना वाडा घ्या. तो कोणाचा, हे कोपऱ्यावरचा पानवालाही सांगतो. पण १९४० साली त्याच्या माडीवर कोण होतं, मागच्या चौकात विहिरीजवळच्या दोन खोल्यांत कोणाचं बिऱ्हाड होतं, हे विचारलं की मालकाच्या नातवालाही आठवत नाही. आज मला या माडीवरच्या आणि मागच्या चौकातल्या माणसांविषयी बोलायचं आहे. पेठा त्यांनीच भरलेल्या होत्या. छापखान्यात खिळे जुळवणारा, कचेरीतला कारकून, वार लावून जेवणारा विद्यार्थी, भावाच्या आश्रयाला आलेली विधवा बहीण. यांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती, म्हणून जमिनीच्या कागदांत ही माणसं सापडत नाहीत.

आणि आपण शोध नेमका तिथूनच सुरू करतो. सिटी सर्व्हेच्या कचेरीतून मिळकत पत्रिका काढतो. तिच्यावर धारकाचं नाव, क्षेत्रफळ, वारसांचे आणि खरेदीचे फेरफार, सगळं असतं. ती जरूर काढा. फक्त घरच्या जुन्या पत्रावरचा घर नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर एकच असेल, असं धरून चालू नका. पेठांची नावंही बदलली आहेत. कागदावर वेताळ पेठ दिसली तर ती आजची गुरुवार पेठ, गंज पेठ म्हणजे आजची महात्मा फुले पेठ, आणि भांबुर्डे म्हणजे शिवाजीनगर. कागद मोडीत असेल तर घाबरू नका. सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून उभं आहे, तिथे मोडीचे वर्ग चालतात आणि वाचून देणारी माणसं भेटतात. पेशवाईतलं काही हवं असेल तर पुणे पुराभिलेखागारातले पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. पण बिऱ्हाडकरूचा माग काढायला मिळकत पत्रिकेचा खरा उपयोग एवढाच, की तिच्यामुळे मालकाचे आजचे वारस सापडतात. त्यांच्याकडे भाड्याची वही असू शकते.

ती वही किंवा पावतीपुस्तकांची स्थळप्रत मिळाली तर महिन्यामहिन्याला वाड्यात कोण होतं हे कळतं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर भाडी जिथल्या तिथे थांबली, मालकांनी डागडुजी सोडली, आणि बिऱ्हाडं तीन-तीन पिढ्या हलली नाहीत. वाडे ढासळले ते बऱ्याच अंशी यामुळे. पण पावत्यांची सलग साखळीही त्यामुळेच मिळते. पावतीवरचं नाव आजोबांचं, भाडं भरणारा नातू, असं सर्रास दिसतं.

शाळेचं जनरल रजिस्टर हा दुसरा मोठा आधार. न्यू इंग्लिश स्कूल १८८० चं, नूतन मराठी विद्यालय १८८३ चं, हुजूरपागा १८८४ ची. मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख, एवढ्या गोष्टी एका ओळीत मिळतात. घराण्याचं मूळ गाव जन्मगावाच्या रकान्यावरून कळू शकतं. गाव कळलं की यात्रेकरूंच्या घराण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांपर्यंत जाता येतं, कारण तिथे पहिला प्रश्न गावाचाच असतो.

पण माझा सगळ्यात जास्त जीव आहे तो भांड्यांवर. हो, भांड्यांवर. लग्नात आहेर म्हणून पितळी पातेलं, तांब्या, परात दिली जायची, आणि दुकानदार तिच्यावर नाव घालून द्यायचा. कोणाला, कोणाकडून, तारीख. शेजारच्या बिऱ्हाडांनी वर्गणी काढून एखादा मोठा हंडा दिला असेल तर त्यावर सगळ्यांची आडनावं मिळतात. त्याच्या जोडीला आहेराची यादी असते. एक काका वही घेऊन बसायचे आणि कोणी रोख दोन रुपये दिले, कोणी खण-नारळ, हे लिहून ठेवायचे. ही यादी म्हणजे त्या दिवशीची वाड्याची शिरगणती. मालक, भाडेकरू, दूधवाला, समोरच्या आळीतला शिंपी, सगळे एका पानावर. दुसऱ्या कुठल्याही कागदावर मी त्यांना असं एकत्र पाहिलेलं नाही.

बायकांचा शोध इथेच लागतो. लग्नात आडनाव बदलायचं, पुष्कळदा पाळण्यातलं नावही. शाळेच्या रजिस्टरात असलेली मुलगी पुढे कुठल्याच यादीत त्या नावाने भेटत नाही. लग्नपत्रिका, आहेराची यादी आणि भांड्यावरचं नाव, या तिन्हींत मिळूनच तिची दोन्ही नावं जोडली जातात. घराची वंशावळ करताना मुली गाळू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. पेठेतल्या अर्ध्या आठवणी सासरी गेलेल्या मुलींकडे आहेत.

भांड्यांचं महत्त्व आणखी एका कारणाने. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, त्याखालचं खडकवासला धरणही गेलं, आणि नारायण, शनिवार, कसबा अशा नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. ट्रंकांतले दस्त, फोटो, पत्रिका यांचा चिखल झाला. पितळ धुऊन निघालं. पूरग्रस्तांना गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहतींत घरं मिळाली. म्हणून नदीकाठच्या पेठेतलं एखादं कुटुंब १९६१ नंतर एकदम दिसेनासं झालं, तर या वसाहतींतल्या वडीलधाऱ्यांना ‘पुराच्या आधी कुठे होतात?’ एवढंच विचारा. पुढचं ते सांगतात.

काही माणसं याहून लांब गेली. रास्ता पेठेत बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबं होती, तिथलं त्यांचं सिनेगॉग आजही आहे. कोकणातल्या गावांवरून पडलेली त्यांची आडनावं, घरात मराठी. १९४८ नंतर पुष्कळ जण इस्रायलला गेले, आणि तिथूनही त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. त्यांची मुलं-नातवंडं आजी-आजोबांचं घर शोधत येतात, तेव्हा त्यांना मिळकत पत्रिकेत काही मिळत नाही. पेठेतली शेजारीण मिळाली, तर सगळं मिळतं.

शेजारणीला विचारायचं कसं, तेही सांगतो. ‘तुमच्या वेळी कोण कोण राहायचं?’ असं विचारलं की दोन नावं येतात आणि आठवण थांबते. त्याऐवजी कोऱ्या कागदावर वाड्याचा आराखडा काढा. दिंडीदरवाजा, चौक, जिना, विहीर, नळ. मग विचारा, सकाळी नळावर पहिली कळशी कोणाची लागायची? दिवाळीत फराळाचं ताट कोणाकोणाकडे जायचं, आणि कोणाकडे जायचं नाही? रेडिओ कोणाकडे होता? आजींचं बोट आपोआप खोल्यांवरून फिरतं. ‘कोणाकडे जायचं नाही’ हा प्रश्न टाळू नका. जातीची सोवळी-ओवळी, भांडणं, अबोला हाही त्या वाड्याचा इतिहास आहे. मात्र तो लिहिताना हयात माणसांची नावं सांभाळा.

आणि आता एक निकडीची गोष्ट. तुमच्या आळीतला वाडा बिल्डरकडे चालला असेल तर विकसन करारनाम्याला भाडेकरूंची यादी जोडलेली आहे का बघा. नाव, खोली, चौरस फूट. करार नोंदणीकृत असतो, त्यामुळे त्याची नक्कल मिळू शकते. त्या यादीतल्या सर्वांत वयस्कर माणसाकडे आधी जा, खोल्या रिकाम्या होण्यापूर्वी. जाताना आराखड्याचा कागद न्या आणि माळ्यावरची भांडी खाली काढायला एखादा तरुण मुलगा सोबत घ्या.