अ.पा.क. : पणजीचं नाव शोधताना

(दृश्य: तहसील कार्यालयाची रेकॉर्ड रूम. लोखंडी रॅक, लाल फडक्यातले गठ्ठे.)

हे लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे दिसतायत ना, ह्यातल्या एकात माझ्या पणजीचं नाव होतं. हे शूट केलं त्या दिवशी आम्हाला ते माहीत नव्हतं, आम्ही नुसते रॅकवरून कॅमेरा फिरवत होतो.

घरात सगळे तिला आऊ म्हणायचे. आमची वंशावळ लिहिलेली आहे, एका मोठ्या कागदावर, सात पिढ्या. त्यात पुरुष आहेत ओळीने, कोण कोणाचा मुलगा, कोण दत्तक गेला, कोण निपुत्रिक. बायका नाहीत. एकही नाही. आऊच्या जागी काहीच नाही, पणजोबांच्या नावाखालून एक रेघ निघते ती सरळ आजोबांवर येते.

(दृश्य: आत्या, ओसरीवर.)

आत्याला पण नाव माहीत नाही, कारण आऊ तिच्या जन्माआधीच गेली. पण आत्या बोलता बोलता एक वाक्य बोलली, "आजा मानमोडीत गेला, तेव्हा दादा रांगत होते." आजा म्हणजे माझे पणजोबा, दादा म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा. आत्याला वाटलं हे काही कामाचं नाही, पण सगळा शोध ह्या एका वाक्यावर उभा राहिला. कारण मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, आपल्याकडे तिला लोक मानमोडीच म्हणायचे. म्हणजे साल मिळालं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तारखा विचारू नका, त्यांना विचारा तेव्हा साथ कुठली होती, दुष्काळ होता का, पूर कधीचा, घोडी कुणाकडे होती. तारीख आपोआप निघते.

(दृश्य: ग्रंथालय. बांधीव फाइली, पिवळी पानं, उलटणारा हात.)

मग आम्ही पेपरकडे गेलो. मराठीत पेपरची परंपरा जुनी आहे, बाळशास्त्री जांभेकरांचं दर्पण ६ जानेवारी १८३२ चं, ज्ञानप्रकाश पुण्यात १८४९ ला सुरू झालं आणि १९०४ पासून रोज निघायला लागलं, केसरी १८८१ चा, आणि कृष्णराव भालेकरांचा दीनबंधु १८७७ चा. तुमचे पूर्वज कुठल्या समाजातले, कुठल्या गावचे, त्यावर कुठला पेपर आधी बघायचा ते ठरतं. सगळ्यांची नावं सगळ्या पेपरात येत नव्हती.

हे पान बघा. कडा हात लावला की तुटते, म्हणून खाली पुठ्ठा धरलाय. ह्या पानांवर काय काय सापडतं म्हणजे, जाहीर नोटिशा, लिलाव, देणगीदारांच्या याद्या, परीक्षेचे निकाल नावानिशी, कोण विलायतेहून आला, कोणाची बदली झाली. बातम्या वाचत बसू नका, बारीक टायपातल्या नोटिशा वाचा, साध्या माणसाचं नाव तिथे येतं. आम्ही १९१८ च्या सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत एकेक पान बघितलं, तीन दिवस गेले. वकील गेले, इनामदार गेले त्यांची नावं आहेत. खेड्यातल्या माणसांचे आकडे आहेत. पणजोबा त्या आकड्यातले.

(दृश्य: मोबाइलवर सातबारा, बोट आकड्यांवर.)

पण पेपरने एक काम केलं, साथ कुठल्या महिन्यांत शिगेला होती ते कळलं, म्हणजे जमिनीच्या कागदात त्यानंतरचं बघायचं. जमीन थोडी का असेना, पण ज्यांच्याकडे होती त्यांचा इतिहास फेरफारात असतो. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली, तेव्हापासून मालक मेला, विकलं, वाटणी झाली, गहाण पडलं की फेरफाराला नोंद. आजच्या सातबाऱ्यावर हे कंसातले आकडे दिसतायत, हे फेरफार नंबर. एकेक नंबर घेऊन मागे मागे जायचं. आता आपले अभिलेख नावाच्या पोर्टलवर जुने सातबारे, फेरफार स्कॅन करून टाकलेत, आधी तिथे शोधा, आमचं पान तिथे मिळालं नाही म्हणून नक्कल अर्ज केला, त्याला कोर्ट फी स्टँप, गावाचं नाव, आणि गाव तेव्हा कुठल्या तालुक्यात होतं ते पण, कारण तालुके बदललेत आणि जुना गठ्ठा जुन्याच तालुक्यात असू शकतो.

ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांनी शाळेचं जनरल रजिस्टर बघावं. १ जून ही जन्मतारीख दिसली तर ती गुरुजींनी घातलेली असणार असं धरून चाला.

गावचं कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूची गाव नमुना चौदाची वही, त्या वर्षांची वाळवीने गेली.

(दृश्य: फेरफाराची नक्कल, मोडी अक्षर, भिंग.)

आणि हे आमचं पान. आलं तेव्हा आम्ही सगळे त्याच्याकडे बघत बसलो, कारण एक अक्षर कळेना. मोडी. १९५० च्या आसपासपर्यंत गावोगावचा कारभार मोडीत चालायचा, आणि आज घरटी एक माणूस पण वाचणारा नाही.

हे काका मोडी वाचतात. त्यांचा हात बघा कसा चालतो. लिहिणारा आधी ओळभर रेघ मारून घ्यायचा, मग त्या रेघेला अक्षरं लटकवत जायचा, लेखणी न उचलता, दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही, ओळ संपली की शब्द अर्धाच तुटतो आणि खाली चालू होतो. ह्रस्व दीर्घ असा फरकच नाही. काका म्हणाले अक्षर वाचायचं नाही, आधी शब्द ओळखायचा. ते पहिल्यांदा "बिन" शोधतात, बिन म्हणजे चा मुलगा, अमुक बिन तमुक, म्हणजे एका शब्दात बाप मिळाला. बाईच्या नावापुढे "कोम" येतं नाहीतर "मर्द", पुढचं नाव नवऱ्याचं. हे दोन शब्द ओळखता यायला लागले की अर्धं पान उघडतं, मी स्वतः तिसऱ्या दिवशी बिन ओळखायला लागले. आणि गावात एकाच नावाचे तीन तीन माणसं, आजोबाचं नाव नातवाला, त्यामुळे बापाचं नाव जुळल्याशिवाय कोणालाही आपला पणजोबा म्हणू नका.

आता ही ओळ. पणजोबांचं नाव, पुढे "मयत". मग वारस, मुलगा, आमचे आजोबा. १९५६ चा हिंदू वारसा कायदा येईपर्यंत मुलगा असताना बायकोचं नाव वारसाला सहसा लागत नव्हतं, आणि नंतर मुलींची लागली तीही कितीतरी ठिकाणी इतर हक्काच्या रकान्यात. त्यामुळे ह्या पानावर आऊ असण्याचं काही कारणच नव्हतं. पण आजोबा रांगत होते. रांगणाऱ्या पोराच्या नावावर जमीन लागली तर कोणीतरी सांभाळणारा लिहावा लागतो, सातबाऱ्यावर अजूनही ते अ.पा.क. असं लिहितात, अज्ञान पालनकर्ता, अज्ञान म्हणजे वयाने लहान. चुलते होते, त्यांचं लिहिता आलं असतं. लिहिलेलं नाही.

काकांनी भिंग सरकवलं, दोनदा वाचलं, मग कागदाच्या तुकड्यावर बाळबोधीत लिहून दिलं.

(दृश्य: कागदाचा तुकडा, जवळून. नंतर तोच तुकडा आत्याच्या हातात. इथे निवेदन नाही, आत्याचा आवाज राहू द्या.)

(दृश्य: पुन्हा रेकॉर्ड रूम, न उघडलेले गठ्ठे.)

त्या रॅकवर आमच्या एका गावाचे सोळा गठ्ठे आहेत. आम्ही एक उघडला.

(दृश्य: वंशावळीचा मोठा कागद. आत्या पेनाने रेघेच्या शेजारी नाव लिहिते.)