सकाळचं चिपड

(दृश्य: पहाट. बाळाच्या डोळ्यातलं चिपड आई ओल्या फडक्याने टिपते आहे.)

निवेदन:
झोपेतून उठल्यावर डोळ्याच्या कोपऱ्यात साचलेलं हे चिपड. आपण त्याला घाण म्हणतो आणि पुसून टाकतो. घाण त्यात असतेच. धूळ, झडलेल्या पेशी, जंतू. पण ती आपसूक तिथे आलेली नाही. कुणीतरी तिला गुंडाळून कोपऱ्यापर्यंत आणून ठेवलंय.

ते काम म्युसिनचं.

(दृश्य: म्युसिनच्या रेणूचं चित्र.)

मधोमध प्रथिनाचा कणा, आणि बाटली धुण्याच्या ब्रशसारख्या चहूबाजूंनी फुटलेल्या साखरेच्या साखळ्या. त्या पाणी धरून ठेवतात. शेंबूड आणि लाळ बुळबुळीत लागते तीही म्युसिनमुळेच. डोळ्यात मात्र हा कारभार फार नाजूक, कारण अश्रूंचा अख्खा थर केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढासुद्धा नसतो.

यातलं काही म्युसिन सुटं असतं. पांढऱ्या भागावरच्या पातळ अस्तरात पेल्याच्या आकाराच्या गॉब्लेट पेशी असतात, त्या ते अश्रूंत सोडतात. डोळ्यात कण गेला की हे म्युसिन त्याला वेढतं, आणि पापणी लवली की नाकाकडे सरकवतं.

बाकीचं म्युसिन जागचं हलत नाही. कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, सर्वांत वरच्या पेशींत ते रुतलेलं असतं. त्यातलं म्युक-१६ नावाचं म्युसिन तर अजस्र आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत दीडशेही अमायनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या माळेतले मणी, नसतात. यात सुमारे २२,००० असतात! (अंडाशयाच्या कर्करोगासाठी रक्तात जे सीए-१२५ मोजतात, तो याच रेणूचा तुटलेला भाग.) या दाट कुंपणामुळे जंतूंना पेशीला चिकटायला जागा मिळत नाही, अश्रू सारखे पसरतात, आणि पापणी दिवसातून हजारो वेळा घासूनही खुपत नाही.

(दृश्य: तपासणीच्या यंत्राखाली डोळा. गुलाबी ठिपके.)

हे कुंपण नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. पण डॉक्टर डोळ्यात 'रोज बेंगाल' नावाचा रंग घालतात. म्युसिन शाबूत असेल तिथे तो आत शिरत नाही. जिथे ते झिजलंय, तिथे गुलाबी ठिपके उमटतात. मला हे दृश्य दर वेळी अस्वस्थ करतं, कारण त्या प्रत्येक ठिपक्याखालची पेशी उघडी पडलेली असते.

'अ' जीवनसत्त्व कमी पडलं की गॉब्लेट पेशीच नाहीशा होतात. ओलसर अस्तर कातडीसारखं कोरडं, खरखरीत होतं. बुबुळाशेजारी फेसाळ पांढरे डाग दिसू लागतात. बोर्दोचे डॉक्टर पिएर बितो यांनी १८६३ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून ते बितोचे डाग. तिथेही दुर्लक्ष झालं, तर कॉर्निया विरघळून मूल कायमचं आंधळं होऊ शकतं.

(दृश्य: अंगणवाडी. चमच्यात पिवळसर औषध.)

हे 'अ' जीवनसत्त्वाचं औषध. नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर १ मिलिलिटर. मग पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी २ मिलिलिटर. ताई हाक मारतात, "आ कर बाळा," आणि चमचा आत जातो.