भोवरा नको, लाइट कर्व्ह दाखवा

मंडळी, एक्स-रे बघून न्यूट्रॉन तारा (म्हणजे संपलेल्या मोठ्या ताऱ्याचा दाबून घट्ट झालेला गाभा) कुठला आणि कृष्णविवर कुठलं हे ओळखतात कसं, असा आजचा विषय. त्याच्याकडे येतोच, पण आधी एक दुखणं सांगू द्या. एका मासिकाला जोडताऱ्यांवर, म्हणजे साधा तारा आणि न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर अशा एकमेकांभोवती फिरणाऱ्या जोड्यांवर, लेख दिला होता, सोबत एकच लाइट कर्व्ह, म्हणजे कुठल्या क्षणाला किती एक्स-रे आले त्याचा आलेख. अंक हातात आला तर आलेख गायब आणि त्याजागी कुणीतरी कॉम्प्युटरवर रंगवलेला जांभळा-नारिंगी भोवरा! अहो, हे जोडतारे इतके लांब असतात की त्यांच्यातली फिरणाऱ्या वायूची तबकडी दुर्बिणीला दिसतच नाही, दिसतो फक्त ठिपका, आणि सगळी माहिती त्या ठिपक्याच्या कमीजास्त होण्यात असते.

सेंटॉरस एक्स-३ हा असाच एक जोडतारा घ्या. एक्स-रे आपल्या हवेत शोषले जातात, म्हणून १९७० च्या डिसेंबरात केनियाच्या किनाऱ्याजवळून एक्स-रे बघणारा उहुरू उपग्रह सोडला. त्याला हा ठिपका दर ४.८ सेकंदांनी लुकलुकताना दिसला, आणि दर २.१ दिवसांनी साधारण अर्धा दिवस जवळजवळ विझलेला. म्हणजे मोठा जोडीदार आडवा येतोय, ग्रहण लागतंय. पण खरी मजा पुढे आहे, ते ठोके काटेकोर नव्हते, त्याच २.१ दिवसांच्या चक्रात कधी ४० सेकंद लवकर यायचे तर कधी ४० सेकंद उशिरा. का? कारण तारा कक्षेच्या अलीकडे असला की एक्स-रेंना कमी अंतर कापावं लागतं आणि पलीकडे गेला की जास्त. ४० प्रकाश-सेकंद, म्हणजे प्रकाश ४० सेकंदांत कापतो ते अंतर, म्हणजे जवळपास सव्वा कोटी किलोमीटर, ही झाली कक्षेची त्रिज्या! आणि हे सगळं जोडीदार कुणी ओळखायच्या आधी बरं का, तो दुर्बिणीतून ओळखला १९७४ मध्ये. सांगा, कुठला रंगीत भोवरा हे देईल?

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत, तर मूळ मुद्दा भरभर. नियमित ठोके असले तर न्यूट्रॉन तारा, कारण ते त्याच्या चुंबकीय ध्रुवांवर पडणाऱ्या वायूमुळे येतात आणि ध्रुव ताऱ्याबरोबर फिरतात. काही सेकंदांत भडकून हळूहळू विझणारा स्फोट दिसला तरी न्यूट्रॉन ताराच, जोडीदाराकडून आलेला हायड्रोजन-हेलियम त्याच्या पृष्ठभागावर साचतो आणि एकदम पेटतो. कृष्णविवराला पृष्ठभागच नाही, साचणार कुठे? पण ठोके किंवा स्फोट दिसले नाहीत म्हणून लगेच कृष्णविवर म्हणता येत नाही, जोडीदाराच्या वेगावरून वस्तुमान काढावं लागतं. सिग्नस एक्स-१ या दुसऱ्या जोडताऱ्यातला जोडीदार ५.६ दिवसांत फेरी मारतो, त्यावरून तिथलं वस्तुमान सुमारे २१ सूर्यांएवढं निघतं, आणि न्यूट्रॉन तारा फार तर दोन-तीन सूर्यांपर्यंतच टिकतो.

आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरचं लॅक्सपीसी हे एक्स-रे मोजणारं उपकरण असल्या झपाट्याने बदलणाऱ्या ठिपक्यांसाठीच मुंबईत टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) मध्ये बनवलं, २०१५ मध्ये वर गेलं. त्याचे दोन लाइट कर्व्ह प्रिंट काढून आणलेत, इथे टेबलावर आहेत, प्रश्न विचारायच्या आधी नीट बघून घ्या.